मोखा ते खोखा किनारा : बर्फ, इंजिन, होडी (प्रकल्प नोंदी, जानेवारी ते एप्रिल 2024)

14 जानेवारी 2024, रविवार

जागा : येमेनचा तांबड्या समुद्राकडचा किनारा, मोखा आणि खोखा यांच्यामधलं एक छोटं मासळी बंदर. हा पट्टा सरकारी बाजूच्या ताब्यात आहे, उत्तरेला हुदैदा बंदर हूती बंडखोरांकडे. धक्का नाही, होड्या वाळूवर ओढतात. बहुतेक होड्या फायबरच्या, 7 ते 9 मीटर लांब, मागे 40 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. वर एक नाखुदा (होडीचा कप्तान) आणि तीन-चार खलाशी. शुक्रवार-शनिवार सुट्टीचे, त्यामुळे इथला आठवडा रविवारी सुरू होतो.

आमच्या मदत-प्रकल्पाचा मूळ आराखडा मच्छीमारांना नव्या होड्या आणि नवी इंजिनं वाटण्याचा होता. फोटोत ते छान दिसतं. प्रत्यक्षात किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या होड्यांपैकी बऱ्याच दुरुस्त होण्याजोग्या आहेत, आणि ज्या चालू आहेत त्यांचा मासा दुपारपर्यंत दुय्यम दर्जाला उतरतो, कारण बर्फ पुरत नाही. अशा ठिकाणी आणखी दहा होड्या उतरवल्या तर तोच अपुरा बर्फ जास्त पेट्यांत वाटला जाईल आणि सगळ्यांचाच भाव पडेल. म्हणून क्रम बदलायचा प्रस्ताव पाठवला : आधी बर्फ कारखाना, मग पेट्या, मग इंजिनांचे सुटे भाग, शेवटी फायबरकाम. नवी होडी एकही नाही.

वारा : ऑक्टोबर ते मे दक्षिण-आग्नेयेकडून. बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीच्या चिंचोळ्यातून येताना तो जोर धरतो. जून ते सप्टेंबर उलटा, उत्तर-वायव्येकडून. सध्या होड्या अनेकदा किनाऱ्यावरच असतात, म्हणून दुरुस्तीला हाच काळ बरा. 12 जानेवारीपासून हूतींवर अमेरिका-ब्रिटनचे हवाई हल्ले सुरू झालेत. दुबईहून एडनला येणाऱ्या सुट्या भागांचं भाडं आणि मुदत दोन्ही आता अंदाजाबाहेर.

17 जानेवारी, बुधवार

पैशाची वाट समजून घेतली. मासा वाळूवरच उघड्या लिलावात विकला जातो, आपल्याकडे हर्णैला होतो तसा. इंधन, बर्फ आणि शिधा यांचा खर्च आधी वजा होतो, मग उरलेल्याचे वाटे : होडीचा, इंजिनाचा आणि माणसांचे. म्हणजे बर्फ वाया गेला की तोटा खलाशापर्यंत पोचतो. इंधनासाठी उचल देणारा व्यापारीच पुढे मासा उचलतो, आणि उचल फिटेपर्यंत नाखुद्याला दुसरीकडे विकता येत नाही.

शिवाय चलन दोन. सरकारी बाजूच्या, एडनकडच्या नव्या नोटा हूतींच्या ताब्यातल्या सनामध्ये चालत नाहीत. सध्या डॉलरला इकडे साधारण 1,600 रियाल, तिकडे 530च्या आसपास. उत्तरेकडे मासा पाठवणारा व्यापारी कोणत्या रियालात बोलतोय हे लिलावाच्या पाटीवर लिहायलाच हवं. आमच्या सगळ्या खरेदी-पावत्यांवरही तसंच.

22 जानेवारी, सोमवार

बर्फ कारखाना उघडला. लादीचा कारखाना, 25 किलोचे साचे, दिवसाला 3 टन म्हणजे 120 लाद्या ही मूळ क्षमता. तक्रार अशी की टाकीच्या एका टोकाच्या लाद्या घट्ट आणि दुसऱ्या टोकाच्या मधे पोकळ. कॉम्प्रेसरवर संशय होता. तो ठीक आहे. दोष तीन सापडले.

एक, ब्राइन, म्हणजे टाकीतलं साच्यांभोवतीचं थंड खारं पाणी, फिरवणारा पंखा जाम. ते फिरलं नाही की थंड करणाऱ्या कॉइलजवळ थंडी साठते आणि लांबचे साचे तसेच राहतात. बेअरिंग बदललं, पंख्याची पाती घासून साफ केली.

दोन, ब्राइन पातळ झालं होतं. साचे काढता-घालताना गोडं पाणी सांडतं, महिनोन्महिने मीठ कोणी घातलेलं नाही. साध्या मिठाचं 20 टक्के द्रावण उणे 16 अंशांपर्यंत गोठत नाही. ब्राइन उणे 10 ला चालवायचं असलं तरी कॉइलचा पृष्ठभाग त्याहून थंड असतो, म्हणून एवढी मोकळीक लागतेच. ती नसेल तर कॉइलवरच बर्फाचा थर चढतो, आणि तो थर उष्णता अडवतो. हायड्रोमीटरवर घनता 1.15 येईपर्यंत मीठ घातलं. मीठ थेट टाकीत ओतायचं नाही, तळाला बसतं. पिंपात विरघळवून, पंखा चालू ठेवून थोडं थोडं सोडायचं.

तीन, साच्यांना गंजाची बारीक भोकं. अशा साच्यातली लादी वरून चांगली दिसते, पण फोडून गाभ्याचा तुकडा जिभेवर ठेवला की खारट लागतो. खारट बर्फ भुसभुशीत असतो आणि पेटीत आधी विरघळतो. प्रत्येक साचा पाण्याने भरून कोरड्या सिमेंटवर ठेवायचा, खाली ओल दिसली तर बाजूला. झाळकाम करणारा माणूस गावातच आहे.

हिशेब : उष्ण हवेत लादीच्या बर्फाला टनामागे 55 ते 70 युनिट वीज लागते. 3 टनांना 195 धरले आणि जनरेटर लिटरमागे 3.2 युनिट देतो असं धरलं, तर दिवसाला 60 लिटर डिझेल. एका लादीमागे अर्धा लिटर. कारखान्याच्या दारावर हाच आकडा लिहून ठेवायचा आहे. डिझेल वाढलं की लादी किती वाढावी यावरची भांडणं त्याने निम्मी होतील.

सौरऊर्जेबद्दल विचारणा झाली. 195 युनिटांसाठी, पाच तासांचं चांगलं ऊन आणि धूळ-मिठाची घट धरली, तर 50 किलोवॉटच्या पुढे पॅनल लागतील. बॅटरीची मात्र फारशी गरज नाही, थंड ब्राइनची टाकी हाच साठा. अडचण कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या झटक्याची : चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट खेचतो. सॉफ्ट स्टार्टर बसवल्याशिवाय इन्व्हर्टरला हात लावू नये. हा विषय पुढच्या टप्प्यात.

28 जानेवारी, रविवार

पेट्या. इथे बहुतेक होड्यांवर जुन्या डीप फ्रीझरचं धूड असतं, कॉम्प्रेसर काढून टाकलेलं. कल्पना चांगली आहे, भिंतीत पफ (उष्णता अडवणारा फोम) असतो. पण पत्र्याला भोक पडलं की पफ पाणी पितो, आणि भिजलेला पफ उष्णता अडवत नाही. झाकणाचं रबर तर बहुधा नसतंच.

परीक्षा सोपी ठेवली. पेटीत 50 किलो बर्फ, झाकण बंद, सावलीत 24 तास, तळाच्या नळीतून निघालेलं पाणी बादलीने मोजायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो बर्फ गेला.

तुलनेसाठी गणित : आतून 1.2 × 0.8 × 0.7 मीटर पेटी, भिंतीत 6 सेंटीमीटर कोरडा पफ, बाहेर 32 अंश. आत झिरपणारी उष्णता साधारण 63 वॉट, म्हणजे दिवसाला 16 किलो बर्फ. पफ 3 सेंटीमीटरच असेल तर दुप्पट, 33 किलो. जी पेटी 35 लिटरच्या पुढे गेली ती दुरुस्तीच्या रांगेत, मग दिसायला कितीही नवी असो.

मासा थंड करायला बर्फ वेगळा. 100 किलो मासा 30 अंशांवरून शून्यावर आणायला 31 किलो बर्फ, हे निव्वळ गणितातलं किमान. यात पेटीची गळती, झाकण उघडणं, जातानाच्या प्रवासात वितळलेला बर्फ धरला की दोन दिवसांच्या फेरीला माशाच्या वजनाइतका बर्फ न्यावा लागतो. सध्या निम्माही जात नाही.

सुरमई आणि कुप्पा यांच्यासाठी बर्फाच्या पाण्याची पद्धत दाखवली : दोन भाग फोडलेला बर्फ, एक भाग स्वच्छ समुद्राचं पाणी. नुसत्या बर्फात मासा जिथे टेकतो तिथेच गार होतो, बर्फाच्या पाण्यात सगळीकडून. मोठा मासा आधी कल्ल्यापाशी कापून रक्त काढायचं, पोट साफ करायचं, मग बर्फाच्या पाण्यात. गाभा गार झाला की पाणी सोडून द्यायचं आणि नुसत्या फोडलेल्या बर्फात थर लावायचे. तळाची नळी उघडीच ठेवायची, रक्ताचं पाणी साचू द्यायचं नाही. या जातींत उशीर झाला तर हिस्टामीन तयार होतं. एकदा झालं की शिजवूनही जात नाही आणि वासावरून कळेलच असं नाही. लादी फोडताना गोणत्यात घालून लाकडी मोगरीने. मुठीएवढे धारदार तुकडे माशाच्या अंगात रुततात.

5 फेब्रुवारी, सोमवार

इंजिनं. दुरुस्तीला आलेल्यांमध्ये नमुना ठरलेला आहे, बहुतेक वेळा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र. होड्या वाळूवरून सुटतात, उथळ पाण्यात इंजिन सुरू होतं, पंप वाळू ओढतो, पाती झिजतात. पंपाचं पाणी मागून बाहेर पडतं त्या बारीक धारेकडे कोणी बघत नाही, कारण तिचं भोकच मिठाने बुजलेलं. मग इंजिनाचं डोकं तापतं, गॅस्केट जातं, कधी पिस्टन.

म्हणून नियम : इंजिन सुरू झाल्यावर धार दिसली नाही तर लगेच बंद. आधी तारेने भोक मोकळं करायचं, तरी धार नाही तर पंप उघडायचा. रबरी चक्र वर्षातून एकदा बदलायचंच, पाती शाबूत दिसली तरी. एका बाजूला वळून राहिलेलं पातं पुन्हा सरळ होत नाही. नवं चक्र बसवताना दांड्याची छोटी चावी वाळूत पडते आणि सापडत नाही. खाली चादर अंथरा, जादा चाव्या जवळ ठेवा.

तेल : 50 लिटर पेट्रोलला 1 लिटर टू-स्ट्रोक तेल, टीसी-डब्ल्यू3 दर्जाचं. नव्या किंवा पिस्टन बदललेल्या इंजिनाला पहिले दहा तास 25 लिटरला 1. अंदाजाने ओतणं थांबवायचं. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतो. ‘जास्त बरं’ म्हणून दुप्पट ओतणाऱ्यांचे प्लग काळे होतात, एक्झॉस्टमध्ये काजळी बसते. दोन रेघा मारलेली मापाची बाटली प्रत्येक टाकीबरोबर दिली. बाजारात दुसऱ्याच तेलावर नामांकित लेबल चिकटवलेले डबे फिरतात, म्हणून तेल एकाच ठिकाणाहून, सीलबंद पिंपातून घ्यायचं ठरलं.

पेट्रोलमध्ये पाणी ही तक्रार सार्वत्रिक. काचेच्या बरणीत काढून दहा मिनिटं ठेवलं की पाणी तळाला दिसतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये बसवतोय, आणि हा खर्च नव्या इंजिनाच्या किमतीपुढे नगण्य आहे हे अहवालात ठळक लिहायचं.

13 फेब्रुवारी, मंगळवार

गिअरमधलं तेल दुधाळ निघालेली इंजिनं बरीच. दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. कारण एकच पुन्हापुन्हा : इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यामागे गुंडाळलेला तंगूस (जाळ्याचा नायलॉन धागा). पंखा काढला की दांड्याभोवती काचेसारखं घट्ट वेटोळं दिसतं. गरम होऊन ते सीलच्या ओठात शिरलेलं असतं. सील बदलायच्या आधी दांड्यावर नख फिरवून खाच तपासा. खाच असेल तर नवं सील महिनाभरही टिकत नाही. ते थोडं आतबाहेर सरकवून कोऱ्या जागेवर बसवता येतं का बघायचं.

तेल भरताना खालच्या भोकातून वर भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. आधी वरचा बूच लावायचा, मग खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते आणि गिअरची अर्धी पेटी रिकामीच राहते. दोन्ही बुचांचे वॉशर दरवेळी नवे.

धुण्यासाठी गोडं पाणी दुर्मीळ. 200 लिटरचं पिंप अर्धं कापून त्यात इंजिनाचा पाय बुडवून पाच मिनिटं चालवायचं ठरलं. तेच पाणी दिवसभर. दुसऱ्या दिवशी बदलायचं, नाहीतर आपण मिठानेच मीठ धुतोय.

20 फेब्रुवारी, मंगळवार

18 तारखेला रुबीमार या मालवाहू जहाजावर हूतींचा हल्ला झाला. पोटात सुमारे 21,000 टन खत, मागे 29 किलोमीटरचा तेलाचा पट्टा. समुद्रातल्या वागणुकीवर नाखुद्यांबरोबर बैठक घेतली. ठरलेलं :

मोठ्या जहाजाच्या मार्गावर जाळी टाकायची नाहीत. जहाजाच्या रोखाने वेगात जायचं नाही. त्यावरच्या सशस्त्र रक्षकांना होडीत मासे आहेत की दारूगोळा हे लांबून कळत नाही. मैलभर अंतर आणि रात्री पांढरा दिवा.

तरंगणारी अनोळखी वस्तू (सुरुंग असू शकतो), मग ती शिंगवाली लोखंडी असो की साधं प्लास्टिक पिंप : दोर टाकायचा नाही, ओढायची नाही, हुकाने वळवायची नाही. वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब जाऊन जीपीएसवरची जागा, वेळ आणि ती कुठे वाहतेय एवढं टिपायचं, तटरक्षकांना आणि आसपासच्या होड्यांना सांगायचं. जाळ्यात अडकली असेल तर जाळं कापून सोडायचं. जाळ्याची भरपाई देण्याची तरतूद खर्चात आधीच धरली पाहिजे, कारण जाळं कर्जाचं असेल तर माणूस ते कापत नाही. सध्याच्या वाऱ्यात सुटलेल्या वस्तू उत्तरेकडे जातात. जूनमध्ये वारा फिरला की त्या इकडे येतील, तेव्हा ही बैठक पुन्हा.

हनीश बेटांकडे जाणाऱ्यांसाठी : 1998 च्या लवाद निवाड्याने झुकर-हनीश बेटं येमेनला मिळाली, मोहब्बाका आणि हेकॉक इरिट्रियाला, आणि दोन्ही देशांच्या छोट्या मच्छीमारांचा पारंपरिक मासेमारीचा हक्क कायम ठेवला गेला. कागदावर हक्क आहे, तरी इरिट्रियाकडून येमेनी होड्या पकडल्या जातात. पकडलेल्या होडीचं इंजिन परत मिळेल या भरवशावर कोणी राहू नये. ओळखपत्र, होडीचा नोंदणी क्रमांक दोन्ही कुशींवर रंगवलेला, आणि निघताना किनाऱ्यावरच्या वहीत नावं.

25 फेब्रुवारी, रविवार

फायबरकाम. रेझिन आणि काचेची चटई आली, हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) तपासनाक्यावर थांबला होता. तो पेरॉक्साइड आहे, स्फोटकांशी नातं सांगणारा, त्यामुळे शंका रास्तच. यापुढे छोट्या बाटल्या, प्रत्येक बाटलीमागे किती रेझिन याचा लेखी हिशेब आणि आधीची परवानगी. रेझिन भरपूर आणि हार्डनर शून्य अशी खेप म्हणजे नुसता पसारा.

आज घेतलेली होडी : तळाला 18 × 12 सेंटीमीटरचं भोक, कवच 6 मिलिमीटर. सैल झालेले थर कापून काढले. कडा 12 पट उतारावर घासली, म्हणजे चारी बाजूंनी 72 मिलिमीटर. हा उतार काढायला सगळे कंटाळतात, कारण लहान भोक मोठं होताना दिसतं. पण वरून नुसतं ठिगळ मारलं तर लाटेच्या पहिल्या आपटीत ते कडेने सुटतं. आतल्या बाजूने मेणकापड लावलेली फळी आधाराला. चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणाऱ्या चटईचे चार आणि विणलेल्या कापडाचे दोन थर, आधी सगळ्यात मोठा तुकडा, मग क्रमाने लहान. रेझिन चटईच्या वजनाच्या अडीच पट. सांडलवंड धरून 600 ग्रॅम पुरलं.

हार्डनर 1 टक्का. डब्यावर 2 पर्यंत लिहिलेलं असतं, ते थंड हवेसाठी. इथे 35 अंशांत 2 टक्के घातलं तर डबा हातातच तापून घट्ट होतो. एकावेळी 300 ग्रॅमच कालवायचं, सकाळी दव वाळल्यावर आणि ऊन चढण्याआधी. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) वेगळं आलं असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, हार्डनर नंतर. दोन्ही एकमेकांत थेट ओतले तर स्फोट होतो. दोन्हींच्या बाटल्या एका कपाटात ठेवायच्या नाहीत.

घाई करून ओल्या होडीवर काम केलेली एक जोडणी फोड येऊन सुटली. कापल्यावर होडी निदान तीन-चार दिवस सावलीत, वारा लागेल अशी वाळवायची. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून घाम दिसला तर अजून थांबायचं.

3 मार्च, रविवार

रुबीमार काल बुडालं. बंदरात अफवा : सगळा मासा विषारी. व्यापाऱ्यांनी भाव लगेच पाडले, माशात काही बदल झालेला नसताना. लिलावाच्या जागी साधी तपासणी लावली : कल्ले आणि पोटाची पोकळी हुंगायची, शंका असेल तर तुकडा बंद भांड्यात वाफवून झाकण उघडताच वास घ्यायचा. डिझेलचा वास शिजवताना लपत नाही. ज्या जाळ्यावर तेलाचा चिकटा आहे त्याचा मासा वेगळा. पाण्याचा रंग बदललेला किंवा मेलेले मासे तरंगताना दिसले तर जागा आणि वेळ टिपून ठेवायची. खत पाण्यात मिसळलं तर शेवाळाची वाढ होऊ शकते, पण ती दिसायला वेळ लागतो. तोवर कालवं-शिंपले त्या भागातून काढू नयेत.

12 मार्च, मंगळवार

कालपासून रमजान. कार्यशाळा सकाळी नऊ ते दुपारी एक. होड्या इफ्तारनंतर निघतात, म्हणून बर्फाची उचल संध्याकाळी. लाद्या काढण्याची वेळ त्याप्रमाणे सरकवली.

27 मार्च, बुधवार

देणगीत आलेली जाळी गोदामात पडून आहेत. बारीक डोळ्याचा तंगूस, इथल्या सुरमईच्या कामाचा नाही. वाटला तर लहान मासा मारेल आणि खडकाला अडकून तुटला की वर्षानुवर्षं पाण्यात मारत राहील. वाटायचा नाही असं कळवलं. त्याऐवजी मागणी : ताणून 4 ते 5 इंच डोळ्याचं पिळाच्या धाग्याचं जाळं, सोबत बोये, शिसं आणि दोर. नुसतं जाळं पाठवून दोर विसरणं ही नेहमीची तऱ्हा. ताणलेलं 100 मीटर जाळं 50 मीटर दोरावर बसतं, त्या हिशेबाने दोर वर-खाली मिळून 100 मीटर, गाठींना जादा धरून 110. शिवणकाम बायका घरी करतात. त्याची मजुरी तुकड्यावर न देता मीटरवर, आणि त्यांच्या हातात, होडीमालकाच्या नव्हे.

16 एप्रिल, मंगळवार

ईद झाली, काम पुन्हा सुरू. कारखान्यात दोन्ही टोकांच्या लाद्या भरीव येतात. ब्राइनची घनता आठवड्याला एकदा वहीत लिहिली जाते. दुरुस्त पेट्यांतून आलेली सुरमई लिलावात वेगळी मांडतात, व्यापारी ती आधी बघतात. उचल देणाऱ्यांपैकी एकाने स्वतःच्या खर्चाने पेटीचा पफ बदलून घेतला, ही आमच्या कोणत्याही बैठकीपेक्षा चांगली जाहिरात.

पुढच्या खेपेची मागणी, दर दहा इंजिनांमागे : रबरी चक्रं 15, त्यांच्या चाव्या 20, थर्मोस्टॅट 5, डोक्याची गॅस्केट 4, पंख्याच्या दांड्याची सीलं 20 (जोडीने बदलतात), गिअर-बुचांचे वॉशर 60, प्लग 40, गंज रोखणारे जस्ताचे तुकडे 10, पेट्रोल फिल्टरच्या आतल्या जाळ्या 20. शाफ्ट आणि गिअर मागवू नयेत. ते जड आहेत, महाग आहेत, आणि सील वेळेवर बदललं तर लागत नाहीत. प्रत्येक डब्यावर इंजिनाचं मॉडेल लिहूनच पाठवावं. सारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेलची चक्रं एकमेकांना बसत नाहीत, आणि इथून परत पाठवायला जहाज नाही.